लोकमान्य टिळकांना न्यूमोनिया झाला तेव्हा आयसीयू नव्हतं. आज आहे, पण तिथे कुणाला न्यायचं हे डॉक्टर कसं ठरवतात?

३१ जुलै १९२०. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहासमोर पावसात माणसं उभी होती. वरच्या खोलीत लोकमान्य टिळक शेवटच्या घटका मोजत होते. आत नामांकित डॉक्टर होते आणि बाहेर सगळा देश बातमीची वाट बघत होता. मध्यरात्र उलटली आणि १ ऑगस्टच्या पहाटे, साधारण पाऊणच्या सुमारास, टिळक गेले.

हे सगळ्यांना माहीत असतं. शाळेत १ ऑगस्टला भाषणं होतात, फोटोला हार घातला जातो. पण टिळक नेमके कशाने गेले, असं विचारलं तर बरेच जण अडखळतात.

उत्तर आहे न्यूमोनिया. म्हणजे फुफ्फुसात झालेला संसर्ग.

आठवडाभर आधी तापाने आजारी असलेला माणूस बघता बघता हाताबाहेर गेला. आजही न्यूमोनिया असाच वागतो. दहापैकी बरेच रुग्ण गोळ्या-इंजेक्शनने बरे होतात, पण एखाद्याची तब्येत एका रात्रीत ढासळते. तो एखादा कोण, हे आधी ओळखता येतं का? टिळकांच्या आयुष्याकडे त्यांच्या तब्येतीच्या बाजूने पाहिलं, तर या प्रश्नाचं उत्तर समजायला सोपं जातं.

तालमीत कमावलेलं शरीर

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीतला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. टिळक सोळा वर्षांचे असताना वडील गेले.

पुण्याला डेक्कन कॉलेजात आले तेव्हा टिळक अंगाने किरकोळ होते. हे त्यांना सलत होतं. मग त्यांनी पहिल्या वर्षी पुस्तकं बाजूला ठेवली आणि तालीम, कुस्ती, पोहणं यातच दिवस घालवले. अभ्यासाचं वर्ष वाया गेलं, पण शरीर कमावलं गेलं. पुढे जो तुरुंगवास आणि जी धावपळ त्यांनी सोसली, त्यामागे ही कमाई होती, असं त्यांचे चरित्रकार सांगतात.

गणितात प्रथम श्रेणी, मग वकिलीची पदवी. १८८० मध्ये चिपळूणकर आणि आगरकरांसोबत न्यू इंग्लिश स्कूल. १८८१ मध्ये केसरी आणि मराठा ही दोन वृत्तपत्रं. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात आगरकरांसोबत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस. तेव्हा टिळक फक्त २६ वर्षांचे होते आणि तुरुंगातून बाहेर येऊन लगेच कामाला लागले.

प्लेग, तुरुंग आणि मधुमेह

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही महिन्यांत पुण्यात पसरला. ज्यांना शक्य होतं त्यांनी शहर सोडलं. टिळक पुण्यातच राहिले आणि प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उभा करण्याच्या कामात पडले. हाच प्लेग पुढे त्यांच्या घरातही शिरला. थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगनेच गेला.

१८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात दीड वर्षाची शिक्षा झाली. वर्षभराने सुटले तेव्हा वजन बरंच उतरलेलं होतं. ताकद भरून यायला सिंहगडावरच्या हवेत राहावं लागलं.

मग १९०८. पुन्हा राजद्रोह, या वेळी सहा वर्षं आणि तीही ब्रह्मदेशात, मंडालेला. शिक्षा सुनावली तो दिवस २२ जुलैचा, म्हणजे ५२ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीचा. तोवर टिळकांना मधुमेह जडलेला होता. लाकडी कोठडी, कडक उन्हाळा, आणि मधुमेहावर औषध काहीच नाही. इन्सुलिन माणसावर पहिल्यांदा वापरलं गेलं ते १९२२ मध्ये, कॅनडात. त्यामुळे मंडालेत टिळकांच्या हातात एकच उपाय होता, पथ्य. ते त्यांनी कडक पाळलं. त्याच कोठडीत गीतारहस्य लिहून झालं. पत्नी सत्यभामाबाई १९१२ मध्ये गेल्या, ती बातमीही तिथेच कळली.

१९१४ च्या जूनमध्ये सुटून आले तेव्हा वय ५७ होतं. गेल्या सतरा वर्षांतली सात तुरुंगात गेली होती आणि मधुमेह सोबत आला होता.

हा मधुमेह लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

नाशिकचं भाषण आणि न थांबलेला माणूस

दुसरा कुणी असता तर विश्रांती घेतली असती. टिळकांनी १९१६ मध्ये होमरूल लीग सुरू केली. गावोगाव सभा लावल्या. १९१७ च्या मे महिन्यात लीगच्या पहिल्या वर्षानिमित्त नाशिकला मोठी सभा झाली. शरीर थकलं असलं तरी स्वराज्याची ओढ म्हातारी होत नाही, असा त्या भाषणाचा सूर होता. तेव्हा टिळक साठी ओलांडून गेले होते.

प्रवास सगळा रेल्वेचा, रात्री-अपरात्रीचा. १९१८ च्या शेवटी शेवटी ते इंग्लंडला गेले. चिरोल नावाच्या ब्रिटिश पत्रकाराविरुद्धचा बदनामीचा खटला तिथे लढवला आणि हरले. वर्षभराने, नोव्हेंबर १९१९ मध्ये परत आले आणि लगेच अमृतसरच्या काँग्रेस अधिवेशनाला गेले. १९२० उजाडलं ते नव्या पक्षाच्या जाहीरनाम्याने आणि दौऱ्यांनी.

जुलै १९२०

जुलैत टिळक मुंबईला आले ते ताईमहाराज प्रकरणासाठी. वीस वर्षं चाललेला हा दत्तकाचा खटला हायकोर्टात होता आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. मुक्काम नेहमीचा, सरदारगृहात.

अंगात ताप होता. पावसाळ्याचे दिवस, त्यामुळे मलेरियाचा ताप धरून उपचार सुरू झाले. मध्येच बरं वाटलं म्हणून ते मोटारीतून फिरून आले आणि त्यानंतर ताप वाढला. २३ जुलैला ६४ वर्षं पूर्ण झाली, तो वाढदिवस अंथरुणातच गेला. तरी भेटायला येणाऱ्यांशी बोलणं चालू होतं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात न्यूमोनिया असल्याचं स्पष्ट झालं. मग टिळकांना भ्रम होऊ लागला. तापाच्या गुंगीत ते राजकारणाबद्दल, पंजाबबद्दल, काँग्रेसच्या अधिवेशनाबद्दल बोलत राहिले. जवळच्यांना त्यात देशाची काळजी दिसली. त्यात वावगं काही नाही. पण आजचा डॉक्टर हे बोलणं ऐकून घड्याळाकडे बघेल. न्यूमोनियाच्या रुग्णाचं असंबद्ध बोलणं ही फार महत्त्वाची खूण असते. संसर्ग आता फुफ्फुसापुरता राहिलेला नाही, मेंदूपर्यंत प्राणवायू आणि रक्त नीट पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो.

शेवटी हृदयही साथ देईना.

तेव्हाचे डॉक्टर काय बघायचे?

१९२० चे डॉक्टर अडाणी नव्हते. छातीला लावायची नळी, म्हणजे स्टेथोस्कोप, १८१६ पासून होता. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. रक्तदाब मोजायची पद्धतही आलेली होती.

न्यूमोनिया झाला की घरचे आणि डॉक्टर दिवस मोजायचे. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या मध्ये ताप एकदम उतरायचा, घाम फुटायचा आणि रुग्ण वाचायचा. नाहीतर उलटं व्हायचं.

याच्या पुढचा विचार करणारेही होते. एडिनबरोचे डॉक्टर गिब्सन यांनी १९०८ मध्ये एक साधा नियम मांडला. न्यूमोनियाच्या रुग्णाची नाडी मिनिटाला किती पडते ते बघा आणि वरचा रक्तदाब किती आहे ते बघा. रक्तदाबाचा आकडा नाडीपेक्षा मोठा असेल तर आशा आहे. नाडीचा आकडा रक्तदाबाच्या वर गेला तर लक्षण वाईट. म्हणजे नाडी ९० आणि रक्तदाब १२० असेल तर ठीक, पण नाडी १३० आणि रक्तदाब ९० असेल तर धोका. आजही तातडीच्या विभागात नाडीला रक्तदाबाने भागून काढलेला आकडा बघतात, त्याला शॉक इंडेक्स म्हणतात. तो एकच्या वर गेला की डॉक्टर सावध होतात. हिशोब तोच आहे.

मग अडचण कुठे होती? अंदाज बांधून पुढे करायचं काय, तिथे. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून आठ वर्षं होती. न्यूमोनियावर चालणारं सल्फा गटातलं औषध १९३८ मध्ये आलं. डिसेंबर १९४३ मध्ये ६९ वर्षांच्या चर्चिलना न्यूमोनिया झाला, तेव्हा याच गटातलं औषध हाताशी होतं आणि ते बरे झाले. टिळक त्यांच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान होते, पण आजारी पडले २३ वर्षं आधी.

आणि आयसीयू? १९५२ मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वास बंद पडलेल्या रुग्णांना वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने पिशवी दाबत श्वास दिला. त्या अनुभवातून डॉक्टर ब्यॉर्न इब्सेन यांनी पुढच्या वर्षी गंभीर रुग्णांसाठी वेगळा विभाग सुरू केला. आयसीयूची सुरुवात तिथून धरली जाते.

थोडक्यात, टिळकांचा आजार गंभीर आहे हे डॉक्टरांना कळत होतं, पण त्यांना न्यायला जागाच नव्हती.

आजचं गणित: पाच प्रश्न

आज जागा आहे, पण खाटा मोजक्या आहेत. त्यामुळे न्यूमोनियाचा रुग्ण आला की तीनपैकी एक गोष्ट ठरवावी लागते. घरी पाठवायचं, वॉर्डात ठेवायचं, की आयसीयूत न्यायचं?

त्यासाठी २००३ मध्ये ब्रिटन, न्यूझीलंड आणि नेदरलँड्समधल्या रुग्णांच्या अभ्यासातून एक सोपा ठोकताळा आला. त्याचं नाव कर्ब-६५. यात पाच प्रश्न आहेत आणि प्रत्येक होकाराला एक गुण.

१. रुग्ण गोंधळलेला आहे का? वार, जागा, माणसं ओळखताना चुकतो का?

२. रक्तातला युरिया वाढलाय का? डेसीलीटरला साधारण ४२ मिलिग्रॅमच्या वर. रिपोर्टमध्ये बीयूएन लिहिलं असेल तर सुमारे २० च्या वर.

३. श्वासाचा वेग मिनिटाला ३० किंवा जास्त आहे का?

४. रक्तदाब वरचा ९० च्या खाली, किंवा खालचा ६० किंवा त्याहून कमी आहे का?

५. वय ६५ किंवा जास्त आहे का?

शून्य किंवा एक गुण आला तर बहुतेकांवर घरी उपचार होऊ शकतात. दोन आला तर दवाखान्यात ठेवायचं. तीन किंवा जास्त म्हणजे आजार गंभीर, आणि चार-पाच असेल तर आयसीयूचा विचार करायचा.

आता टिळकांचं वय आणि त्यांचा भ्रम, या दोनच गोष्टी या तक्त्यात भरून बघा.

वय ६४. म्हणजे शून्य गुण. आठवड्यापूर्वीच वाढदिवस झालेला, ६५ ला अजून जवळजवळ वर्ष बाकी. भ्रम होता, त्याचा एक गुण. आणि मधुमेह? या पाच प्रश्नांत मधुमेहाचा प्रश्नच नाही. दहा-बारा वर्षं औषधाविना काढलेला मधुमेह, ज्याने संसर्गाशी लढायची ताकद कमी होते, त्याचा गुण शून्य.

बाकीचे तीन आकडे न बघता कुणी एवढ्यावर थांबलं, तर तक्ता सांगतो की हा रुग्ण घरी राहू शकतो.

मग तक्ता चुकीचा आहे का?

चुकीचा नाही, पण तो कशासाठी बनवलाय हे समजून घ्यावं लागतं.

कर्ब-६५ हा ठोकताळा पुढच्या तीस दिवसांत मृत्यूचा धोका किती, याचा अंदाज देतो. त्याच्याआधी १९९७ मध्ये अमेरिकेत आलेला पीएसआय हा वीस गोष्टींचा मोठा तक्ताही तेच करतो. कुणाला निर्धास्तपणे घरी पाठवता येईल हे शोधणं, हा त्याचा मूळ हेतू. त्यात वयाला इतकं वजन आहे की पुरुषाचं वय जितकं, तितके गुण थेट मिळतात.

पण मृत्यूचा धोका आणि आयसीयूची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंचवीस वर्षांच्या तरुणाचे वयाचे गुण कमीच असणार. त्याचं शरीर बराच वेळ तग धरतं, आकडे बरे दिसत राहतात, आणि मग तो एकदम कोसळतो. त्याला आयसीयूची गरज असते आणि ती वेळेत मिळाली तर तो वाचतोही. उलट नव्वदीच्या आजोबांचे गुण वयामुळेच खूप होतात, पण त्यांना ऑक्सिजन आणि औषधं वॉर्डातही पुरू शकतात.

म्हणून पुढे वेगळे ठोकताळे आले. २००७ मध्ये अमेरिकेतल्या दोन वैद्यकीय संघटनांनी नऊ खुणांची यादी केली. श्वासाचा वेग, ऑक्सिजन, दोन्हीकडे किंवा एकाहून जास्त भागांत पसरलेला न्यूमोनिया, भ्रम, युरिया, कमी झालेल्या पांढऱ्या पेशी, कमी प्लेटलेट, अंग थंड पडणं आणि घसरलेला रक्तदाब. यातल्या तीन किंवा जास्त असतील तर रुग्ण गंभीर समजायचा. या यादीत वय नाहीच. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातून स्मार्ट-कॉप नावाचा ठोकताळा आला. त्याचा प्रश्न थेट आहे, या रुग्णाला श्वासाचं यंत्र किंवा रक्तदाब टिकवणारी औषधं लागतील का?

आता संगणकही हे अंदाज बांधायला लागलेत. पण कुठलाही तक्ता त्या क्षणाचं चित्र दाखवतो. सकाळी एक गुण असलेला रुग्ण संध्याकाळी तीनवर जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर एकदा आकडा काढून थांबत नाहीत, काही तासांनी पुन्हा बघतात. श्वास २२ वरून २८ वर गेला, तर ३० ओलांडला नाही म्हणून निवांत बसून चालत नाही.

नांदगावहून निघायचं कधी?

मुंबई-पुण्यात हा प्रश्न वॉर्डातून वरच्या मजल्यावर नेण्याचा असतो. तालुक्याच्या गावात तो रस्त्याचा होतो.

नाशिक जिल्ह्यातलं नांदगाव घ्या. इथून मनमाड पंचवीसेक किलोमीटर, मालेगाव त्याहून पुढे, आणि नाशिक शहर शंभरेक किलोमीटर. तालुक्यातल्या वाडी-वस्तीवरचा माणूस आधी गावातल्या डॉक्टरकडे जातो, मग नांदगावला, आणि तिथून पुढे. प्रत्येक टप्प्याला गाडी, पैसे, सोबतीचा माणूस बघावा लागतो. त्यात कांद्याची काढणी चालू असेल तर अजून एक दिवस बघू, असं म्हटलं जातं. हा एक दिवस न्यूमोनियात महाग पडतो. आधी वॉर्डात राहून उशिरा आयसीयूत पोहोचलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण थेट आयसीयूत गेलेल्यांपेक्षा जास्त असतं, हे अनेक अभ्यासांतून दिसलंय.

म्हणजे आयसीयू जितकं लांब, तितका निर्णय लवकर घ्यायला हवा.

चांगली गोष्ट ही की कर्ब-६५ मधला युरिया वगळला तर बाकीच्या चार प्रश्नांना लॅब लागत नाही. त्यातल्या दोन गोष्टी घरचे माणूसही बघू शकतात.

श्वास मोजा. रुग्ण शांत पडलेला असताना छाती किंवा पोट पूर्ण एक मिनिट बघा. मोठ्या माणसाचे साधारण १२ ते २० श्वास होतात. पंचविशीकडे जात असतील तर डॉक्टरला कळवा. ३० असतील तर थांबू नका.

बोलतं करा. आज वार कोणता, समोर कोण बसलंय, असं सहज विचारा. आजी-आजोबा तापात बरळतात, असं म्हणून सोडून देऊ नका. काल नीट बोलणारा माणूस आज असंबद्ध बोलत असेल तर ती धोक्याची खूण आहे.

कोविडनंतर अनेक घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर पडून आहे. सेल तपासा आणि वापरा. एरवी फुफ्फुसाचा आजार नसलेल्या माणसाचा आकडा ९४ च्या खाली राहत असेल तर दवाखाना गाठा. ओठ-नखं निळसर पडणं, लघवी कमी होणं, एक वाक्य पूर्ण करताना धाप लागणं, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा.

आणि डॉक्टरला मधुमेह आहे हे आधी सांगा. हृदयाचा, किडनीचा आजार, गरोदरपण, दारू, चालू असलेली औषधं, हे सगळं सांगा. तक्त्यात या गोष्टींना गुण नसेल, पण डॉक्टरच्या निर्णयात त्यांना जागा असते.

१ ऑगस्ट

टिळकांची अंत्ययात्रा निघाली तेव्हा मुंबईत पाऊस कोसळत होता. लाखो लोक रस्त्यावर होते. खांदा देणाऱ्यांत गांधीजी होते. गिरगाव चौपाटीच्या वाळूत अग्नी दिला गेला. ठरल्याप्रमाणे त्याच दिवशी असहकार चळवळ सुरू झाली.

त्या काळात टिळकांसाठी जे करता येण्यासारखं होतं, ते सगळं झालं. मोठे डॉक्टर होते, माणसं होती, पैशाची अडचण नव्हती. नव्हतं ते औषध, ऑक्सिजन नीट देण्याची सोय, श्वासाचं यंत्र आणि इन्सुलिन.

आज यातलं सगळं नाशिक जिल्ह्यात मिळतं. त्यामुळे चौसष्ट वर्षांचा, मधुमेह असलेला, तापात असंबद्ध बोलणारा माणूस आज एखाद्या घरात अंथरुणावर असेल, तर त्याच्या उशाशी बसलेल्याने आधी घड्याळ लावून त्याचे श्वास मोजावेत आणि गाडी बोलवावी.